माझ्या चार मात्रा

या ग्रुपवर सगळे बेस गिटार वाजवणारे हायत, म्हणून इथं लिहितोय. दुसऱ्याला सांगून कळायचं न्हाय. मी चौथीपर्यंत शिकलोय. टायपिंग सुनेनं केलंय, पण शब्द माझे हायत. तिला ताकीद दिलीय, माझं एक अक्षर बदलायचं न्हाय.

आधीच सांगतो... भूतखेत, करणी, अंगात येणं, असलं काही मी मानत न्हाय. कधीच मानलं न्हाय. कार्यक्रम उरकून पंचगंगेच्या घाटावरनं, जळत्या चितेच्या बाजूनं गिटार खांद्यावर टाकून किती वेळा चालत आलोय. कुत्री सोडली तर कोण आडवं आलं न्हाय. आणि हे लिहून झाल्यावर बी मी मानणार न्हाय. पण जे झालं ते झालं, आणि ते आठवलं की अजून डोकं फिरतं. खाली कुणी "काका, केबल लूज असंल" असं लिहू नये. माझी केबल मी स्वतः सोल्डरचा डाग मारून बसवतो.

मी मारुती. दिवसा उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डिंगचं काम, आणि सुट्टीला ऑर्केस्ट्रा. गणपती, जत्रा, लग्नाची वरात नव्हे — लग्नाचं रिसेप्शन. वरातीत मी कधी वाजवलं न्हाय, हे लिहून ठेवा.

बेसवाल्याचं दुःख तुम्हाला सांगायला नको. गवई चुकला तर लोकांना कळतं, ढोलकी चुकली तर कळतं. बेस बंद पडला तर लोकं म्हणत्यात, आज जरा मजा न्हाय आली, काय झालंय कुणास ठाऊक. आमचा गवई बाळू, कोडोलीचा. स्टेजवर माझी ओळख कशी करून द्यायचा ऐका. "पावणं, ह्यो आमचा मारुती. ह्याच्या गिटारीच्या दोन तारा तुटल्यात, तरी बिचारा वाजवतोय. टाळ्या वाजवा!" बेसला चारच तारा असत्यात हे हॉलभर कुणाला ठावं नसायचं. सगळे हसायचे. एकदा एका म्हातारीनं कार्यक्रम झाल्यावर मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "पोरा, तारा तरी घालून घे रं." ह्यो बाळ्या लांब उभा राहून पोट धरून हसतोय.

तर आमचं शेवटचं गाणं कायम एकच. रंकाळ्यावरचं. आमच्या पेटीमास्तरांनी चाल बांधलेली. मास्तर आता न्हाईत, पण माणूस जाणता होता. त्या गाण्यात त्यांनी मला एक जागा दिलती. दुसरा अंतरा संपला की सगळी वाद्यं एकदम थांबायची, आणि मुखडा परत सुरू व्हायच्या आधी चार मात्रा... फक्त बेस. एकटा. मास्तर म्हणालते, "मारुती, ही जागा तुझी. इथं तुझ्या मधी कोण येणार न्हाय."

आला की. बाळ्या आला!

पहिल्याच कार्यक्रमाला अंतरा संपला, सगळे थांबले, मी तारेवर बोट ठेवलं, आणि ह्यानं मागं वळून माईक तोंडापासनं लांब धरला, मला म्हणाला, "चल गा!" म्हणजे चल गड्या, आणि मारली मुखड्यात उडी. माझ्या चार मात्रा खाल्ल्या. आता गवयानं उडी मारली की सगळ्यांनी त्याच्या मागं उडी मारायची, हा ऑर्केस्ट्र्याचा कायदा हाय. चूक झाकायची. तशी आम्ही ती झाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. झालं, बाळ्याला चटक लागली. दर कार्यक्रमाला तेच. मागं वळायचं, "चल गा," आणि उडी. ती चूकच गाणं होऊन बसली. नवीन वाजवणारा आला तर त्याला बी तसंच शिकवायचे. ती जागा तिथं हाय, ह्याची किंमत फक्त मला आणि मास्तरांना. मास्तर गेल्यावर फक्त मला.

उभं आयुष्य आम्ही दोघं त्यावरनं भांडलो. गंगावेशीत चहाच्या गाड्यावर आमचं भांडण ठरलेलं.

"बाळ्या, आज बी खाल्ल्यास."

"खाणारच. लोकं रंगात आल्यात तवर मुखडा घ्यायचा असतोय. तू ढुम ढुम करेस्तोवर लोकं चपला घालून उठत्यात."

"मास्तरांनी दिल्यात त्या मला."

"मास्तर गेलं गा. एक दिवस मी बी जाईन. मग वाजव की निवांत. शब्द देतो तुला — मी मेल्यावर तुझ्या चार मात्रा तुझ्या."

"नक्की?"

"आईशप्पत. आता चहाचं गार पाणी झालं, पी."

चहावाला साक्षीला हाय. अजून हाय तो, विचारा.

आणि गेल्या वर्षी उन्हाळ्यात बाळू गेला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच न्हाय. कोडोलीला माती द्यायला गेलतो. सगळे रडत होते, मी रडलो न्हाय. मला राग आलता. अशा भर भांडणात कोण उठून जातंय व्हय?

त्याची पोरगी वैशाली. शाळेत संगीत शिकवते, आणि आता आमच्यात गाते. बापाचाच आवाज, फक्त बाईचा. तिनं ठरवलं, वर्षश्राद्धाला कोडोलीत पप्पांच्या गाण्यांचा कार्यक्रम करायचा. ड्रम वाजवणारा पुण्याला कंपनीत लागलाय, म्हणून कीबोर्डवाल्या रोहननं ड्रमचा ट्रॅक लॅपटॉपवर तयार केला. मला ते पटलं न्हाय. मशिनीबरोबर वाजवायचं म्हणजे भिंतीबरोबर बोलायचं. पण वैशाली म्हणाली, "काका, रंकाळ्याच्या गाण्यात तुमच्या चार मात्रा ठेवायच्या. पप्पांनी शब्द दिलता, मला बी ठावं हाय."

मग मी मशिनीला हो म्हणालो. खरं सांगतो, त्या दिवसापासनं मला दुसरं काही सुचत नव्हतं. जेवताना पाटावर बोटं चालायची. आता या वयात परत अशी संधी कोण देणार? एकदा, फक्त एकदा, ती जागा लोकांच्या कानावर पडली पाहिजे. मास्तरांनी दिली तशी.

आमचा सराव पेठेतल्या एका तालमीच्या माडीवर. खाली पोरं जोर काढत्यात, वर आम्ही. तालमीत तालीम, असं बाळ्या म्हणायचा. पहिल्या दिवशी अंतरा संपला आणि वैशालीनं मारली मुखड्यात उडी. ट्रॅक थांबलेला, ही एकटीच पुढं.

"काय गं हे! बापाची खोड!"

"रक्तातच हाय की काका, काय करू? लहानपणापासनं तसंच ऐकलंय."

"मनात मोज. एक, दोन, तीन, चार. मग तोंड उघड."

रोहन हसत म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका. ताई चुकतील, मी चुकीन. हे मशीन हाय, हे कुणाच्या बापाचं ऐकत न्हाय. चार म्हणजे चार."

आणि शेवटच्या सरावाला जमलं. अंतरा संपला. सगळं थांबलं. आणि मी वाजवल्या. चारी. खालनं पैलवान ओरडला, "ओ वरचं, काय पाडालाय काय?" इतका घुमला बेस. वैशालीनं डोळे पुसले. मी म्हणालो, रडायचं काम न्हाय, मोजायचं काम हाय.

कोडोलीतला कार्यक्रम रविवारी सकाळी. समाजमंदिराचा हॉल भरलेला, खिडक्या उघड्या, चांगलं ऊन आत आलेलं. अंधारबिंधार काही नव्हता, वारं सुटलं न्हाय, कुत्रं रडलं न्हाय. मी उपाशी नव्हतो आणि प्यायलो बी नव्हतो. मी पीत न्हाय. गाणी झाली. शेवटी रंकाळ्याचं घेतलं. वैशाली पुढं माईकवर, रोहन माझ्या डाव्या हाताला, दोन्ही हात कीबोर्डवर. लॅपटॉप त्याच्या पलीकडं स्टुलावर.

दुसरा अंतरा संपला. सगळं थांबलं. मी बोट उचललं...

"चल गा!"

समोरनं आलं. स्पष्ट. माईक तोंडापासनं लांब धरून म्हटल्यासारखं. वैशालीनं गर्रकन मागं वळून बघितलं, आणि त्याच क्षणाला लॅपटॉपवरनं ड्रम धाडकन मुखड्यात पडला. चार मात्रा आधी. वैशाली त्याच्याबरोबर. रोहनचे हात त्याच्याबरोबर. आणि मी? मी पहिल्या मात्रेवर जायला बोट उचललेलं, ते मुखड्याच्या सुरावर पडलेलं. मला न विचारता. माझं बोट!

लोकांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. एक आजोबा उभं राहून म्हणाले, "अगदी बाळू गायल्यागत झालं!" मी गिटार काढली आणि स्टेजच्या मागं गेलो. रोहनची कॉलर धरायची तेवढी बाकी ठेवली.

"माझ्या चार मात्रा कुणी खाल्ल्या?"

"काका, मी हात बी लावला न्हाय लॅपटॉपला."

"मग तुझ्या मशिनीला भूक लागलती काय?"

त्यानं तिथंच ट्रॅक लावून दाखवला. अंतरा... थांबला... चार मात्रा मोकळ्या... मुखडा. सगळं जागच्या जागी. परत लावला, परत तेच. बाळूच्या जावयानं मोबाईलवर कार्यक्रम घेतलता, तो बघितला. त्यात मधली जागा न्हाय. अंतरा संपतोय, ड्रम पडतोय, मधी सुई शिरायला जागा न्हाय. "चल गा" त्यात ऐकू येत न्हाय, हे बी सांगतो, मला खोटं बोलायचं न्हाय. पण वैशाली मागं वळताना दिसते.

मी तिला विचारलं, "तू मागं का वळलीस?"

"तुम्ही हाक मारली म्हणून. चल गा म्हणाला न्हाय का तुम्ही?"

"मी कशाला म्हणू? माझ्याच मात्रा मीच खाऊ?"

मग ती पदर तोंडाला लावून बसली... रडत होती का हसत होती, कळलं न्हाय.

रोहन म्हणतो सॉफ्टवेअर अडकलं असंल. अडकलं तर थांबतं, पुढं उडी कशी मारंल? माझा पोरगा म्हणतो, "आबा, तुमच्या मनात होतं म्हणून ऐकू आलं." माझ्या मनातलं वैशालीला कसं ऐकू आलं? आणि मशिनीला? मला ह्याचं उत्तर नको हाय. माझं म्हणणं वेगळंच हाय. ह्या माणसानं शब्द दिलता. आईची शपथ घेतलती, चहाच्या गाड्यावर. मेल्यावर तरी माणसानं शब्द पाळावा का न्हाय?

त्यानंतर तोच लॅपटॉप, तोच ट्रॅक, तेच गाणं आम्ही कागलला घेतलं, राधानगरीला घेतलं. एकदा बी चूक झाली न्हाय. चार मात्रा पूर्ण येत्यात. कोण मधी येत न्हाय, कोण खात न्हाय. कागलला वाजवल्या मी. बरोबर वाजवल्या, मास्तरांनी सांगितल्या तशा. लोकं शांत बसून ऐकत होती. मला त्या चार मात्रा इतक्या लांब वाटल्या... संपता संपेनात.

राधानगरीपासनं मी त्या वाजवत न्हाय. अंतरा संपला की हात तारांवर तसाच ठेवतो आणि समोर बघतो. रोहनला वाटतं मी विसरलो. वैशाली विचारत न्हाय, ती मनात मोजते. चार मात्रा हॉलमधी काही वाजत न्हाय, आणि मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालतो — ये की आता! जागा मोकळी हाय. ये, खा!

येत न्हाय. आणि चूक त्याचीच होती, हे मी अजून बी म्हणतो.