जोत्याखालचा आवाज

"मालक, जरा हळू ठोका की. कानात बसतंय," हणमंतू मिस्त्री माडीवरून म्हणाला.

मी स्टेजवर होतो. सागवान आतून पोखरलंय का, हे आम्ही बोटाच्या पेराने ठोकून बघतो. तेवढंच केलं होतं. मिस्त्री हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला होता.

"इतक्या लांब कसं ऐकू गेलं?" मी स्वतःशीच पुटपुटलो.

"ह्ये बी आलं," तो म्हणाला.

मी जुन्या इमारती पाडतो. डिमॉलिशनचं काम. हमालीपासून सुरुवात केली. कुणाच्या ओळखीने नाही. सोलापुरात ही इमारत सुताचं गोदाम म्हणूनच माहीत होती. गाठी हलवल्या तेव्हा स्टेज दिसलं. मालक शेठ म्हणाले, "एकोणिसाव्या शतकातलं नाटकगृह आहे. संगीत नाटकं व्हायची. सिनेमा आला, नाटकवाले बसले, आजोबांनी घेऊन सूत भरलं." माडीला बायकांसाठी चिकाचे पडदे लावायचे खिळे अजून होते. लाउडस्पीकर तेव्हा नव्हताच.

मिस्त्री भजनी मंडळात गातो. त्याला स्टेजवर उभं केलं, मी माडीत बसलो. त्याने अगदी हलका सूर लावला. तो समोरून आला नाही. खालून, बाकातून, थेट छातीत आला. अंगावर काटा उभा राहिला.

स्टेजच्या दोन फळ्या काढल्या. खाली खड्डा, त्यात मातीचे रिकामे रांजण, तोंडं वर करून ओळीने मांडलेले. त्यांच्या तोंडावर पोती टाकली, मी परत माडीत जाऊन बसलो आणि मिस्त्रीला पुन्हा गायला लावलं. आवाज मेला. पोती काढली, जिवंत झाला. असलं काम करणाऱ्या कारागिराचं नावसुद्धा कुठे नव्हतं.

आमच्यात सौदा जोत्यावर ठरतो. जोतं म्हणजे इमारतीचा चौथरा. त्याच्या वरचं लाकूड, लोखंड माझं. जोतं आणि खालचं सगळं मालकाचं. म्हणजे छत माझं, रांजण शेठचे. मला आता ते नाटकगृह होटगी रोडवरच्या माझ्या वखारीत जसंच्या तसं उभं करायचं होतं.

तसाच शेठकडे गेलो. "रांजण मला द्या. म्हणाल ते देतो."

शेठनी चष्मा काढला. "परवा दाराच्या कड्यांवरून तासभर भांडलात. आणि रिकाम्या माठांना म्हणाल ते?"

"चला, दाखवतो. रिकामेच आहेत."

"माठ रिकामे. माठांच्या खाली काय आहे?"

मी टेबलावर हात आपटला. "सोनं नाही हो! आवाज आहे तिथं, आवाज!"

"आवाज!" शेठ हसले. "मग तर देतच नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जेसीबी लावला. मी कडेला उभा राहून ओरडत होतो. जितका ओरडलो, तितकं शेठनी खोल खणायला लावलं. खापऱ्या निघाल्या आणि मुरूम. मीच आधी काहीतरी काढून नेलं, असं ते अजून चारचौघांत सांगतात. ते मी विसरलेलो नाही.

छत, खांब, फळ्या नंबर टाकून वखारीत उभ्या केल्या. खड्डा खणला, कुंभाराकडून नवे रांजण करून घेतले. मिस्त्री गायला. चांगला गायला. पण आवाज चौथ्या खांबापुढे गेला नाही. जुन्या रांजणांचं माप, त्यांच्यातलं अंतर आता कोणाला विचारणार?

या धंद्यात येणाऱ्याला मी एकच सांगतो. जे खरंच हवंय, ते नको असल्यासारखं मागा. मी आयुष्यभर तसंच मागत आलो. फक्त त्या दिवशी माडीतून उतरून सरळ शेठकडे गेलो, आणि चेहरा माझ्या ताब्यात नव्हता.