संगणकातला तयार जबाब

ते प्रकरण आठवलं की अजूनही स्वतःचाच राग येतो.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात टाकी साफ करायला उतरलेला जांभूळ गावचा कामगार गुदमरून मेला. कारखान्याने टाकीत उतरण्याचं परवानापत्र दाखवलं: ‘टाकीतील हवा तपासली, सुरक्षित आढळली. कामगारास मास्क दिला.’ आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. मी समोर बसलेलो असतानाच हवालदाराने मयताच्या बायकोचा जबाब टाइप केला, मी सही ठोकली.

तिसऱ्या दिवशी मयताचा एक सोबती मला चहाच्या टपरीवर भेटला. इकडेतिकडे बघत म्हणाला, “साहेब, हवा चेक करायचं मशीन दोन महिने बंद आहे. उल्हासनगरला रिपेरिंगला टाकलंय.”

आम्ही ते दुकान शोधलं. मशीन फळीवर धूळ खात पडलेलं होतं. मग दोन महिन्यांची परवानापत्रं मागवली. सगळ्यांवर तोच मजकूर, शब्दाशब्दाने. सुपरवायझरला समोर बसवलं. अर्धा तास तो टाळाटाळ करत राहिला, मग रडायलाच लागला.

“साहेब, फॉर्म ओपन केला की ते आपोआप येतं. मी फक्त नाव आणि टाकीचा नंबर टाकतो.”

“वाचत नाहीस?” मी खेकसलो.

“रोजचंच असतं ना, साहेब.”

त्याच्यावर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल केला. मी खुशीत होतो.

खटल्यात सोबती फिरला, त्याला नोकरी टिकवायची होती. हवा तपासायला दुसरं मशीन उसनं आणलं होतं, असा बचाव झाला. उरली बायकोची साक्ष. आरोपीच्या वकिलाने तिचाच जबाब वाचला: ‘पतीच्या मृत्यूबाबत माझी कोणाविरुद्ध तक्रार अगर संशय नाही.’

“मी असं बोललेच नाय,” ती म्हणाली. “मी इचारलं होतं, त्यांना मास्क दिला होता का?”

ते वाक्य आमच्या पोलीस ठाण्याच्या संगणकातलं. अकस्मात मृत्यूच्या प्रत्येक जबाबात ते आधीच असायचं, हवालदार फक्त नावगाव बदलायचा. वकिलाने मला विचारलं, “सही करण्यापूर्वी जबाब वाचला होता?” मी “नाही” म्हणालो. तिच्या साक्षीवर आम्हीच पाणी फिरवलं होतं. सुपरवायझर संशयाचा फायदा मिळून सुटला.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी प्रत्येक जबाब तो देणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायला लावला. हाताखालचे लोक वैतागायचे. पण हे शहाणपण एका बाईचा न्याय घालवून आलेलं आहे.

निकालाच्या दिवशी ती कोर्टाच्या पायरीवर थांबली होती. मला वाटलं, शिव्या देईल. ती इतकंच म्हणाली, “साहेब, तुम्ही तर समोरच बसला होतात.”