पहिल्या तासातले रिपोर्ट

नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर योगिनी कांबळेने एकटीने लिहिलेलं. सहा वर्षं ती ते बाळकुमच्या घरूनच सांभाळत होती. कॉम्प्युटरच्या आत काय असतं, याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. "खोका उघडणं मेकॅनिकचं काम," असं ती सरळ म्हणायची.

मार्चमध्ये लॅबचे रिपोर्ट गायब व्हायला लागले. सगळे नाही, रोजचे दोन-तीनच. त्यात खडवलीच्या रखमाबाईंच्या गळ्यावरच्या गाठीचाही रिपोर्ट होता. तपासणारे डॉक्टर परगावी गेलेले, त्यामुळे नवा लिहून मिळेना. बाई तीनदा येऊन तशाच परत गेल्या.

योगिनीने चार दिवस कोड पिंजून काढला. घरून लॅबच्या मशीनला जोडून बघितलं, तर सगळं ठीक. शेवटी पाचव्या दिवशी ती सकाळी आठलाच लॅबमध्ये हजर झाली. तिथले जुने टेक्निशियन उत्तमकाका यांनी भिंतीवरचा स्विच लावला, कॉम्प्युटर सुरू केला. काळ्या स्क्रीनवर दोन ओळी उमटल्या. काकांनी न वाचताच एक बटण दाबलं.

"थांबा, काय होतं ते?"

"रोजचंच आहे गं. एफ-वन दाबलं की पुढे जातं."

"कधीपासून?"

"पंधरा-वीस दिवस झाले असतील. तुझ्या सॉफ्टवेअरचं थोडंच आहे ते, म्हणून नाही बोललो."

स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१६. नऊ वाजता रिसेप्शनवरचा राउटर लागला, नेट आलं आणि तारीख आपोआप बरोबर झाली.

योगिनीच्या लक्षात आलं. तिचा प्रोग्राम मशीनच्या घड्याळावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा आणि वर्षापेक्षा जुने रिपोर्ट यादीतून काढून वेगळे ठेवायचा. म्हणजे पहिल्या तासात भरलेल्या प्रत्येक रिपोर्टवर २०१६ ची तारीख पडत होती आणि नऊ वाजता घड्याळ बरोबर होताच तो जुना ठरत होता! तिने जुन्यांचा साठा उघडला. एक्केचाळीस रिपोर्ट, सगळे शाबूत. रखमाबाईंचाही.

फोन केल्यावर बाई दुपारपर्यंत पोचल्या. उत्तमकाकांनी रिपोर्ट हातात दिला.

"मावशी, गाठ साधी आहे. कॅन्सर नाही. डॉक्टरांना दाखवा, पण घाबरू नका."

रखमाबाई मटकन बाकावर बसल्या. "पंधरा दिस घास उतरत नव्हता रे बाबा."

"चूक माझी होती, मावशी," योगिनी म्हणाली.

"गावला ना? मग बास." बाईंनी पदराने डोळे पुसले आणि चक्क हसल्या. योगिनीच्या छातीवरचा दगड तेव्हा कुठे उतरला.

संध्याकाळी काकांनी स्क्रू काढून कॉम्प्युटर उघडला आणि नाण्याएवढी बॅटरी बाहेर काढली. "मेन स्विच बंद असला की घड्याळ हिच्यावर चालतं. ही मेली की तारीख मागे."

नवी बॅटरी योगिनीने स्वतःच्या हाताने बसवली. मग तिथेच बसून प्रोग्राममध्ये एक तपासणी घातली: तारीख कालच्यापेक्षा मागे दिसली, तर रिपोर्ट घ्यायचाच नाही, आधी ओरडायचं.

"काका, अजून काय काय असतं हो यात?" तिने विचारलं.

काकांनी स्टूल पुढे ओढलं आणि पंख्यापासून सुरुवात केली.