एका टिंबाचं सरबत

“तीन कोटेशनं लागतील,” मी मालवणच्या बाजारातल्या कोकमवाल्या काकूंना सांगितलं.

काकू पंख्याखाली बसून आमसुलं निवडत होत्या. त्यांनी मला चपलेपासून चष्म्यापर्यंत पाहिलं. “वरच्या दुकानात माझी जाव आसा, खालच्यात नणंद. विचारून या. भाव तोच गावतलो.”

मी खरोखर दोन्हीकडे जाऊन आले. भाव तोच होता. तिन्ही कोटेशनं एकाच वहीच्या फाडलेल्या पानांवर मिळाली. मी ती फाइलला लावली आणि नियम पाळल्याच्या समाधानात परत काकूंसमोर उभी राहिले. आज मला त्या बाईची कीव येते. म्हणजे माझी.

मी तेव्हा रांजणगावला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. बरीच वर्षं स्टोअरमध्ये काढून नुकतीच परचेसला आले होते. परचेस म्हणजे कंपनीचा बाजारहाट. स्टोअरवाले माल सांभाळतात, परचेसवाले आणतात, आणि आणणारा स्वतःला सांभाळणाऱ्यापेक्षा शहाणा समजतो. मी तर पहिल्याच दिवसापासून समजायला लागले. पण खुर्ची पक्की नव्हती. प्रोबेशन चालू होतं. कन्फर्म झाले तर परचेस, नाहीतर पुन्हा स्टोअरमध्ये नटबोल्टांच्या शेजारी.

अशात चेन्नईच्या एका मोठ्या कंपनीचं ऑडिट ठरलं. आपल्याकडून माल घेण्याआधी गिऱ्हाईक कारखाना तपासायला येतं, ते ऑडिट. चूक सापडली की ते एनसी देतात. एनसी म्हणजे शाळेतला लाल शेरा. मेजर एनसी मिळाली तर ऑर्डर गेली. मायनर मिळाली तर लेखी उत्तर देऊन सुटका.

आमचे परचेसचे साहेब जगदाळे. दौंडचे. बोलणं मोजकं, पण लागेल असं.

“साळवेबाई, पाहुण्यांचं स्वागत आणि गिफ्ट तुमच्याकडं. मागच्या पार्टीला आपण स्टीलचा डबा दिला होता. त्यांनी विचारलं, हा तुमचा प्रॉडक्ट आहे का. या वेळी जरा वेगळं बघा.”

“कोकणातून आणते, सर. जरा आगळंवेगळं.”

“आणा. तुमच्या कन्फर्मेशनचं पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. हे पार पडलं की बोलू.”

ऑडिट पंधरवड्यावर आलेलं. मी लगेच कंपनीची जीप घेऊन निघाले. ड्रायव्हर कासुर्डीचे बबनमामा. त्यांचं लक्ष एकाच गोष्टीत होतं, सुके बोंबील. सावंतवाडीत मी लाकडाची रंगीत फळं घेतली, इतकी हुबेहूब की मामांनी सीताफळ नाकाला लावून पाहिलं. काजू घेतले, आंबापोळी घेतली, खाजा घेतला. तेवढ्यात मामांनी बोंबलांचं बोचकं जीपच्या टपावर बांधून टाकलं.

“मामा, कंपनीची गाडी आहे!”

“टपावर हाय, मॅडम. आत कुठं हाय? वास काय खाली उतरतोय व्हय?”

उतरत होता. पण मालवण आलं होतं आणि यादीत आता फक्त कोकम सरबत उरलं होतं.

तर, काकूंसमोर मी उभी. त्यांनी विचारलं, “सरबत होया की आगळ?”

इथं माझ्या मराठीबद्दल सांगायला हवं. मी मूळची केडगावची. शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली. रविवारी चर्चमध्ये शास्त्रवाचनाला उभी राहिले की पाळकसाहेबसुद्धा माझ्याकडून उच्चार तपासून घेतात, असं लोक म्हणायचे. म्हणजे मीच लोकांना सांगायचे. कुणी ‘आणि’चं ‘आन्’ केलं की मी तिथल्या तिथं दुरुस्त करायची. तेव्हा काकूंचा शब्द मी मनातल्या मनात दुरुस्त करून घेतला. बिचाऱ्या कोकणातल्या, शेवटचं टिंब खातात. त्यांना म्हणायचंय, साधं सरबत हवं की आगळं?

“साधं सरबत सगळेच देतात, काकू. मला आगळंच द्या.”

“किती?”

“चार खोकी.”

काकूंच्या हातातलं आमसूल ताटात पडलं. “येवढा आगळ? कित्याक? घरात लगीन आसा काय?”

“कंपनीत पाहुणे येणार आहेत. मोठे.”

“मगे बरा,” त्या म्हणाल्या. “जेवक घालतास तर मगे चांगला.”

जेवायला कशाला, प्यायला, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण गिऱ्हाइकानं दुकानदाराशी जास्त बोलू नये, भाव वाढतो, असं मी कुठंतरी वाचलं होतं. मी मामांकडं वळले.

“काय मामा, आगळं आहे ना?”

मामांनी बाटली उन्हात धरली. आत गडद लालभडक रस. “आगळंच हाय की. आसं आपल्याकडं कुठं बघाया मिळतंय? घ्या. आन् चला, बोंबलांना ऊन लागतंय.”

बाटल्यांवर लेबल नव्हतं, घरगुती माल. ते मी शिरूरला छापून घेतलं. सोनेरी अक्षरात: ‘आगळी भेट, कोकणची’.

ऑडिटच्या दिवशी सकाळी कॉन्फरन्स रूम सजवली. टेबलावर लाकडी फळं मांडली. वेलकम ड्रिंक मी स्वतः केलं, कॅन्टीनवर भरवसा नव्हता. अर्धा ग्लास बाटलीतलं, अर्धा ग्लास पाणी, वर बर्फ. रंग असा सुंदर आला की मी ग्लासांचा फोटो काढला. चाखून पाहिलं नाही. पाहुण्यांच्या आधी तोंड लावणं आमच्या घरात बसत नाही.

पाहुणे तिघं. त्यांचे प्रमुख सुंदरम साहेब, पांढऱ्या मिशा, हसण्याची सवय नसलेले. सगळ्यांनी ग्लास उचलले.

आता वाचकांना सांगते. आगळ हे नाम आहे. पिकलेल्या कोकमाचा, मीठ घालून काढलेला अर्क. साखर नावालाही नाही. कोकणात सोलकढीत चमचा-दोन चमचे घालतात. मी अर्धा अर्धा ग्लास वाढला होता.

आमच्या प्लांट हेडनी घोट गिळला आणि भिंतीवरच्या क्वालिटी पॉलिसीकडं टक लावून पाहू लागले. जगदाळे साहेबांनी गिळलाही नाही, थुंकलाही नाही. गाल फुगवून, डोळे माझ्यावर रोखून बसले. दोन पाहुणे खोकत होते. सुंदरम साहेबांनी ग्लास सावकाश खाली ठेवला.

“मॅडम, ये आपने पिया है?”

“नहीं सर,” मी अभिमानानं म्हणाले, “ये सिर्फ गेस्ट के लिए है.”

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते मशिनं बघायला शॉपवर गेले. जगदाळे साहेब बेसिनकडं धावले. मी मागं राहिलेल्या ग्लासातला एक घोट घेतला. समुद्र इतक्या जवळून मी मालवणलाही पाहिला नव्हता. स्टोअरमधलं माझं जुनं टेबल, त्याचा डुगडुगणारा पाय, सगळं समोर उभं राहिलं.

दिवसभर ऑडिट चाललं. मशिनं, रेकॉर्ड, गेज, सगळं पाहिलं. संध्याकाळी क्लोजिंग मीटिंग, म्हणजे निकाल. मी दाराजवळची खुर्ची धरली.

सुंदरम साहेब म्हणाले, “मेजर एनसी, निल.” खोलीनं श्वास सोडला. “मायनर, एक.” पुन्हा धरला.

त्यांनी वहीतून वाचलं. आलेला माल तपासणी न करता वापरला. ठिकाण, कॉन्फरन्स रूम.

पहिलं कोण हसलं आठवत नाही. सुंदरम साहेब मात्र हसले नाहीत. लेखी उत्तर हवंच म्हणाले. आणि जाताना एक बाटली मागून घेतली, रसममध्ये घालून बघतो म्हणून.

एनसीचं उत्तर देताना ‘व्हाय-व्हाय’ करतात. पाच वेळा ‘का’ विचारायचं, म्हणजे चुकीचं मूळ सापडतं. मी लिहिलं. खारट का? ते सरबत नव्हतं. सरबत का नव्हतं? आगळ असल्यामुळं. आगळ का निवडलं? आगळं वाटलं. काकूंना विचारलं का नाही? त्यांचं मराठी अशुद्ध आहे असं वाटलं.

पाचव्या ‘का’ला मी अडले. जगदाळे साहेबांनी कागद ओढून स्वतः लिहिलं: खरेदी करणाऱ्याचं मराठी जास्त शुद्ध होतं.

मग ड्रॉवर उघडला. कन्फर्मेशनच्या पत्रावर सही केली.

“ऑर्डर आली म्हणून सही केली, साळवेबाई. तुमच्या सरबतामुळं नाही.”

“हो, सर.”

“आणि गिफ्टचं काम इथून पुढं अ‍ॅडमिन बघेल.”

उरलेल्या आगळाची कॅन्टीनमध्ये सोलकढी झाली. महिनोन् महिने दर बुधवारी होत राहिली, आणि रांगेतला प्रत्येक जण ताट पुढं करताना मला विचारायचा, “मॅडम, आज साधी हाय का आगळी?” त्यांचं ‘हाय’ मी दुरुस्त करणं सोडून दिलं होतं.

ही गोष्ट ऐकून आता माझी नात म्हणते, आजी, मोबाइलवर शब्द शोधायचा ना. अगं, शोधतो कोण? ज्याला शंका असते तो. म्हणून परचेसमधल्या नव्या मुलांना मी निवृत्त होईपर्यंत एवढंच सांगायचे: न कळणाऱ्या शब्दाचा अर्थ विचारा. अगदी नक्की कळलेल्या शब्दाचं मात्र आधी सॅम्पल मागवा.