नागासाकीतला एक तास

बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे इंग्लंडमध्ये, मेडनहेडला राहायला आले, पण त्यांचं घड्याळ पुण्यातच राहिलं. मनगटावर कायम भारताची वेळ. त्यातून साडेचार तास वजा करायचे आणि आम्हाला सांगायचं, "पावणेसात झाले." काटे फिरवा की, म्हटलं तर म्हणायचे, "घरी किती वाजले ते कळायला नको?" आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. घरी म्हणजे एक कुलूपबंद फ्लॅट. पण हे मी कधी बोलले नाही. माझ्या नाकावर राग असतो हे खरं, तरी इतकी काही मी वाईट नाही.

परत गेल्यावर त्यांनी त्या फ्लॅटमध्ये एकटं राहायचं की नाही, यावर माझं आणि भावाचं फोनवर वाजायचं. भाऊ म्हणायचा, आता एकटं ठेवायला नको. मी म्हणायचे, त्यांना काय धाड भरलीय? रोज एकटे नदीकाठाने चालून येतात, लायब्ररीत जाऊन बसतात, कुणाला विचारत नाहीत की सांगत नाहीत. बाबांचं म्हणणं एवढंच, "पाय चालताहेत तोवर मला माझ्या घरी राहू द्या."

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही क्रूझला गेलो. विमानाने शांघायला, तिथून बोटीने जपान. नागासाकीला उतरलो तेव्हा पासपोर्ट बोटीवरच जमा होते. हातात फक्त बोटीचं कार्ड. चारच्या आत सगळ्यांनी परत यायचं, साडेचारला बोट सुटणार आणि कुणासाठी थांबणार नाही, हे स्पीकरवरून तीनदा सांगून झालं होतं. आमच्या सात वर्षांच्या लेकीला तिथल्या मत्स्यालयातले पेंग्विन बघायचे होते. बाबांना ट्राममध्ये बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं होतं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी ऐटीत म्हणाले, "जाऊ दे ना त्यांना. बाबा, तीनला इथेच, टर्मिनलच्या दाराशी." बाबा मान डोलावून निघाले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तीनला आम्ही दाराशी हजर. बाबा नाहीत. आयुष्यात कधी पाच मिनिटं उशिरा न आलेला माणूस. सव्वातीन झाले. लोक पिशव्या सावरत आत जायला लागले. ट्राममध्ये चक्कर आली असेल का? इंग्रजी तरी कुणाला कळणार? फोन नाही, पासपोर्ट नाही. लेक म्हणाली, "मम्मा, आजोबा हरवला?" मी तिच्यावर खेकसले, "गप्प बस जरा."

साडेतीनला नवरा एकदम म्हणाला, "काल शांघाय सोडल्यावर ती चिठ्ठी आली होती ना दाराखालून? घड्याळं एक तास पुढे करा म्हणून. तू बाबांना सांगितलंस ना?"

मी सांगितलं नव्हतं. मी सांगते, असं म्हणून चिठ्ठी पर्समध्ये घातली होती आणि लेकीचे केस धुण्याच्या गडबडीत साफ विसरले होते. शांघायला बाबा आपल्या घड्याळात अडीच तास मिळवत होते. इथे साडेतीन मिळवायला हवे होते. म्हणजे बाबा आत्ता कुठेतरी निवांत बसले असणार, अडीचच तर वाजलेत म्हणत. ते त्यांच्या तीनला येतील तेव्हा इथे चार वाजलेले असतील. एक ट्राम चुकली की संपलं.

नवरा म्हणाला, "तुम्ही दोघी बोटीवर जा, मी थांबतो." मी म्हणाले, "माझे बाबा आहेत, मी थांबणार." तेवढ्यातही आम्ही भांडलो. पावणेचारला दारावरचा माणूस हातातली यादी बघत आमच्याजवळ आला आणि त्याने मनगटावर बोट ठेवून दाखवलं. मला रडूच यायला लागलं. भावाला काय सांगू, हे त्या वेळी डोक्यात आलं याची मला अजून लाज वाटते.

चारला दहा कमी असताना बाबा कोपऱ्यावरून आले. सावकाश, इकडेतिकडे बघत, हातात केकची कागदी पिशवी. जवळ येऊन हसले. "दहा मिनिटं लवकरच आलो की नाही?"

माझा तोंडाचा पट्टा सुटला. जीव टांगणीला लावलात, वेळेचं भान नाही, काही झालं असतं तर, तुम्हाला एकटं सोडण्यात अर्थच नाही, दादाचं बरोबर आहे. सगळं. रांगेतल्या लोकांसमोर. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, बोटांवर हिशेब केला, परत केला. मग केकची पिशवी लेकीच्या हातात दिली आणि म्हणाले, "चुकलंच माझं. आताशा होतं असं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे, तुमचा हिशेब चोख होता. नवरा माझ्याकडे बघत उभा होता. मी म्हणाले, "चला आता, उशीर होतोय."

बोट सुटली. आम्ही केबिनमध्ये चहा घेत होतो. बाबा उठले, पायांत बूट चढवले आणि दारापाशी जाऊन थांबले. रोज न सांगता डेकवर फेऱ्या मारणारा माणूस. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मी जरा वर जाऊन येऊ का?"

मी म्हणाले, "या. पण लवकर या."