विमानाच्या पेटीत सासूबाई

आमचे नेमसिंग वीस वर्षांपासून हिंगोलीकडच्या गोरेगावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात. मी त्यांची बायको, मिना, म्हणून हक्कानं सांगते, या माणसाला हलकं काही बनवताच येत न्हाई. लेकरासाठी लोखंडी पाळणा केला, तो उचलायला चार गडी लागले. शिडी केली, ती भिंतीला लावल्या दिवसापासून तिथंच उभी हाय. वर छाती फुगवून म्हणायचे, माझ्या ट्रॉलीत हळदीचे शंभर कट्टे, पोती हो, टाका, चाकावरच्या स्प्रिंगचा एक पाटा वाकला तर मिशी काढीन. लोक हळद टाकायचे, पाटे काही वाकायचे न्हाईत. मिशी मात्र वाढत गेली.

अशात शेजारच्या तांड्यावरचे उत्तमसिंग आले. फौजेच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला माणूस. लोक पेन्शनीत बोअर घेतात, म्हैस घेतात. यानं बंद पडलेल्या एका उडायच्या शाळेतून दोन माणसांचं जुनं विमान घेतलं. पंख कापडाचे अन् सुटे होणारे. ते हिंगोलीत भाच्याच्या गोदामात पडलेलं, पण हळदीचा सीझन येऊन राहिला म्हणून भाचा म्हणे, उचला. तांड्यावर उघडं ठेवावं तर शेळ्या पंख खाणार. म्हणून जुनी ट्रॉली लांबवून बंद पेटी करायची व्हती. विमान तिच्यातच आणायचं अन् तिच्यातच ठेवायचं.

पंधरा दिवस घरात विमानाशिवाय बोलणं न्हाई. सांगाडा वाढवला, पत्रे ठोकले, पंखांना आतून गादी लावली. माझी लग्नातली गादी फाडली मेल्यानं. मग उत्तमसिंग रिकाम्या पेटीत बसून पुलापर्यंत गेले अन् कंबर धरून उतरले. म्हणाले, तुमचे पाटे पाच टनांचे, माझं विमान चार कट्ट्यांचं. एवढ्याशा वजनानं ते वाकणारच न्हाईत, खड्ड्याचा सगळा मार विमान खाईल. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. वीस वर्षं ज्याची शेखी मिरवली, तीच खोट निघाली.

मग पाटे काढणं सुरू झालं. पण ट्रॉली मऊ झाली का, हे कळावं कसं? काखेत कळसा अन् गावाला वळसा, मोजमाप तर घरातच व्हतं. आमची सासू, धुरपताबाई. मणका सरकलेला, दोन वर्षांपासून जीप न्हाई की एसटी न्हाई. नरसीजवळच्या तांड्यावर तिची बहीण अंथरुणाला खिळलेली. तिला एकदा डोळ्यांनी बघायचं म्हणून म्हातारी रोज टिपं गाळायची. आमी म्हणायचो, रस्ता नीट झाला की नेऊ.

ह्यांनी तिला पेटीत गादीवर निजवलं, सोबत मी. पहिल्या खेपेला गावाबाहेर पडेपर्यंत तिनं लेकाच्या सात पिढ्या उद्धारल्या. त्यात आपणही येतो, हे ती विसरली. दोन पाटे निघाले. दुसऱ्या खेपेला शिव्या पुलावर सुरू झाल्या. आणखी एक पाटा काढला, चाकांतली हवा कमी केली. तिसऱ्या खेपेला सेनगाव आलं तरी आत चिडीचूप. ह्यांनी घाबरून ट्रॅक्टर थांबवला अन् मागचं दार उघडलं. मी तिच्या नाकाला बोट लावून बसले व्हते. म्हातारी झोपली व्हती.

नेमसिंग रस्त्यातच नाचायला लागले. आता सरळ हिंगोलीला जाऊन विमान भरू, म्हणाले. त्या गडबडीनं सासू जागी झाली. पडल्या पडल्याच बोलली, आवाज न चढवता.

"विमानाला धक्का लागू नये म्हणून पंधरा दिवस जिवाचं रान केलंस. माझ्या पाठीसाठी हे काहून सुचलं न्हाई रे तुला?"

मलाही सुचलं नव्हतं, खोटं कशाला सांगू. लई लाज वाटली.

ट्रॅक्टर नरसीकडं निघाला. ह्यांच्या मावशीच्या अंगणात पेटी लावली. चौघांनी मावशीची बाज उचलून पेटीतच, सासूच्या गादीला लागून ठेवली. दोघी हात धरून रडल्या, मग आपापल्या सुनांची उणीदुणी काढत खुदुखुदु हसल्या. इकडं विमान कधी भरता म्हणून उत्तमसिंगांचा फोन येऊन राहिला. पाचव्यांदा ह्यांनी उचलला.

"साहेब, आज विमान न्हाई भरता येत. माय उतरली की येतो."

माय तीन दिवस उतरली न्हाई.