ठसका न लागलेली बाई

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी बॅटरीवर चालणारी स्कूटर घेतली आणि अख्ख्या पेणला धुराचे तोटे ऐकवत सुटलो. एकदा रोह्याला निघालो असताना वाटेत गडब गावात सुकटीची टोपली घेतलेल्या एका बाईने हात दाखवला. मागे बसताच तिने पदराने नाक-तोंड गच्च झाकून घेतले.

"चालू कर ना रे," ती म्हणाली.

"चालूच आहे, मावशी!"

जरा वेळाने तिने पदर सोडला. निडी गाव मागे पडले आणि बॅटरी संपली. तेवढ्यात धूर ओकत एक सहा आसनी रिक्षा आली. स्कूटर एका टपरीपाशी लावून पर्यावरणाचा हा कैवारी सगळ्यांत आधी आत घुसला.

बाई मात्र स्कूटरपाशीच उभी राहिली.

"चला मावशी, लवकर."

"तू जा बाबा. त्या धुरानं माजी छाती भरते. तुज्या गाडीवर आज येक ठसका नाय लागला."

एवढे बोलून तिने टोपली स्कूटरवर ठेवली आणि हँडल धरून ढकलायला सुरुवातही केली. मी रिक्षातून उतरलो आणि मागून हात लावला. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावापर्यंत ती अखंड बोलत होती. उत्तर द्यायला मला दम उरला नव्हता.